सिलिंडर उभाच का ठेवायचा?

घराशेजारच्या शेडमध्ये गॅस वेल्डिंग करणारा कारागीर काही नियम कटाक्षाने पाळतो. ऑक्सिजनचा रेग्युलेटर कोरड्या, स्वच्छ फडक्याने पुसायचा. त्याला तेल-ग्रीस लावायचे नाही, कारण दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल आपसूक पेट घेऊ शकते. ॲसिटिलीनला तांब्याची नळी जोडायची नाही, कारण आत स्फोटक कॉपर ॲसिटिलाइड तयार होते. आणि ॲसिटिलीनचा सिलिंडर आडवा टाकायचा नाही. हा शेवटचा नियम समजायला थोडे मागे जावे लागेल.

ॲसिटिलीन एडमंड डेव्हीला १८३६ साली मिळाला होता, १८६२ मध्ये व्होलरने तो कॅल्शियम कार्बाइड आणि पाणी यांच्यापासून बनवला. पण तो प्रयोगशाळेबाहेर पडला एका फसलेल्या प्रयोगामुळे. १८९२ साली अमेरिकेतील स्प्रे या गावी थॉमस विल्सन विजेच्या भट्टीत चुना आणि डांबर तापवून कॅल्शियम धातू मिळवू पाहत होता. हाती आलेला पदार्थ पाण्यात टाकताच वायू निघाला. कॅल्शियम असते तर हायड्रोजन निघाला असता आणि त्याची ज्योत काजळी धरत नाही. ही ज्योत मात्र भरपूर काजळी सोडत होती! (हायड्रोजन नाही हे काजळीवरून कसे कळले, हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा.)

ऑक्सिजनबरोबर जाळल्यास या वायूची ज्योत ३००० अंश सेल्सियसच्या वर जाते, हे १८९५ मध्ये ल शातलिएने दाखवले. लोखंड तर १५३८ अंशांना वितळते. वेल्डिंगला आणखी काय हवे? अडचण साठवणीची होती. दाबलेला ॲसिटिलीन ऑक्सिजन नसतानाही विघटित होतो, कार्बन आणि हायड्रोजन सुटे होतात आणि इतकी उष्णता निघते की भांडे फुटते. आजही रबरी नळीत त्याचा दाब साधारण १ बारच्या वर नेत नाहीत.

यावर क्लोद आणि हेस या फ्रेंच संशोधकांनी १८९० च्या दशकातच तोड काढली : वायू ॲसिटोनमध्ये विरघळवायचा. पण वायू वापरला जाई तसा द्रव आक्रसे आणि वरच्या मोकळ्या जागेत धोका उरेच. स्वीडनच्या गुस्ताफ डालेन यांनी सिलिंडर सच्छिद्र भरावाने भरून टाकला. ॲसिटोन त्यात स्पंजातल्या पाण्यासारखे मुरते आणि स्फोट पसरू शकत नाही. सिलिंडर आडवा करून वापरला तर वायूबरोबर हे ॲसिटोनच बाहेर येते. ज्योत बिघडते, रेग्युलेटर आणि नळी खराब होते आणि वायूला धरून ठेवणारा द्रव कमी होतो. चुकून आडवा राहिलेला सिलिंडर म्हणूनच उभा करून काही तास तसाच राहू देतात.

डालेन यांना या वायूने माफ केले नाही. १९१२ साली ॲसिटिलीनच्या सिलिंडरांची चाचणी घेताना स्फोट झाला आणि त्यांची दृष्टी गेली. त्याच वर्षी दीपस्तंभांच्या स्वयंचलित नियंत्रकांसाठी त्यांना भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते त्यांच्या डॉक्टर भावाने स्वीकारले. डालेन यांनी मात्र १९३७ साली मृत्यू येईपर्यंत आपली कंपनी चालवली.