पोरगं वाचलं, पण पुढं?

मुंबईचं टाटा मेमोरियल १९४१ चं. आपल्याकडं नुसतं ‘टाटा’ म्हणतात. पण लहानपणी कॅन्सरमधून उठलेल्या पोरांसाठी तिथं वेगळं एसीटी क्लिनिक निघालं ते १९९१ मध्ये, डॉ. पूर्णा कुरकुरे यांच्या पुढाकारानं. तोवर हिशोब एकच, पोरगं जगलं का? इथं पुढचं विचारू लागले: उंची वाढते का, हृदय ठीक आहे का, अभ्यासात लक्ष लागतं का. काही औषधांचा त्रास वीस वर्षांनीही वर येतो ना! २००९ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधारानं अशा मुलांचा ‘उगम’ गट उभा राहिला.

किन्हीराजासारख्या गावात मला वेगळीच मोजपट्टी दिसते. पोरीच्या सोयरिकीत घरचे जुना आजार लपवतात. अन् लपवला की मुंबईची तपासणीही सुटते.