पागेतले शब्द

माझा भाचा विरारच्या एका गॅरेजात काम शिकतो. इंजिन खोलून पुन्हा जोडण्यात त्याचा हात धरणारा मुलगा आमच्या नात्यागोत्यात नाही. गेल्या पावसाळ्यानंतर त्याच्या मनात आलं की, एखाद्या मोटार रॅलीत स्वयंसेवक म्हणून जावं. या स्वयंसेवकांना 'मार्शल' म्हणतात. झेंडे दाखवायचे, वाट मोकळी ठेवायची, अपघात झाला तर सगळ्यांच्या आधी धावायचं, हे त्यांचं काम. त्यासाठी एक माहितीपुस्तिका वाचायची होती. ती घेऊन तो वटारला आमच्याकडे आला, ओट्यावर बसला आणि म्हणाला, "मामू, तुम्ही बीए झालात, कविता करता. हे जरा समजावून सांगा. पोल, पॅडॉक, शिकेन, पार्क फर्मे... एक अक्षर कळत नाही. हा खेळ आपल्यासारख्यांचा नाहीच."

शेवटचं वाक्य मला लागलं. मोटारीतलं मला काही कळत नाही. रिक्षात बसून सुट्टे पैसे मोजण्यापलीकडे वाहनशास्त्रात माझी गती नाही. पण शब्दांचं तसं नसतं. तू आलास कुठून, असं विचारलं की शब्द हळूहळू बोलायला लागतो. मग आम्ही दोघं त्या पुस्तिकेतल्या एकेका शब्दाला त्याचं गाव विचारत बसलो.

'पोल' म्हटल्यावर दोघांच्याही डोळ्यांसमोर विजेचा खांब आला. ते फारसं चुकीचं नव्हतं. सर्वांत जलद फेरी मारणाऱ्याला शर्यतीच्या आरंभी जी पहिली जागा मिळते, ती पोल पोझिशन. हा शब्द घोड्यांच्या शर्यतीतला. अमेरिकेतल्या रेसकोर्सवर आतल्या कठड्यालगत अंतर दाखवणारे खांब असत. आतल्या कडेने पळणाऱ्या घोड्याला वळणावर कमी अंतर कापावं लागतं, म्हणून खांबाजवळची जागा मोलाची. आता गंमत बघा, मोटारींच्या काही मैदानांवर ही पहिली जागा वळणाच्या बाहेरच्या अंगाला येते. खांब गेला, आतली कड गेली, शब्द तेवढा राहिला. वेळ पाहून जागा देण्याची रीतही तशी उशिराची. ग्रां प्री शर्यतीत ती प्रथम १९३३ साली मोनॅकोला आली. त्याआधी बहुतेक ठिकाणी चिठ्ठ्या टाकत.

'पॅडॉक' तर महालक्ष्मीला कुणीही दाखवील. शर्यतीआधी घोड्यांना खोगीर चढवून जिथे फिरवतात, ते आवार. मोटारवाल्यांच्या पॅडॉकमध्ये आता संघांचे ट्रक आणि पाहुण्यांचे तंबू असतात. 'ग्रां प्री' म्हणजे फ्रेंच भाषेत मोठं बक्षीस. पॅरिसजवळ लाँगशाँला १८६३ पासून या नावाची घोड्यांची शर्यत होत होती. मोटारींची ग्रां प्री त्यानंतर तब्बल ४३ वर्षांनी, १९०६ साली, ल मां गावाजवळ झाली. रेनो गाडी हाकणारा फेरेन्झ सीस हा हंगेरियन मेकॅनिक ती जिंकला. तो मेकॅनिक होता, हे मी भाच्याला दोनदा सांगितलं.

एन्झो फेरारी याने १९२९ साली आपला संघ काढला, तेव्हा नाव दिलं 'स्कुदेरिया फेरारी'. स्कुदेरिया म्हणजे पागा. त्यांच्या लाल गाडीवर आजही मागच्या पायांवर उभा राहिलेला घोडा आहे. आणि पागा म्हटल्यावर मला एकदम शाळेतलं इतिहासाचं पुस्तक आठवलं. शिवकाळातल्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. ज्याला घोडा आणि हत्यार सरकारी पागेतून मिळे तो बारगीर. जो स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार घेऊन चाकरीला येई तो शिलेदार. मोटारींच्या शर्यतीत नेमका हाच भेद आहे. कारखान्याच्या संघातून, कारखान्याची गाडी चालवतो तो एक आणि स्वतः गाडी विकत घेऊन मैदानात उतरतो तो दुसरा. या दुसऱ्याला इंग्रजीत 'प्रायव्हेटियर' म्हणतात. १९५८ साली अर्जेंटिनाच्या ग्रां प्रीत रॉब वॉकर या खासगी मालकाची छोटी कूपर गाडी स्टर्लिंग मॉसने चालवली आणि मोठमोठ्या कारखान्यांना मागे टाकलं. वॉकर शिलेदार आणि मॉस त्याचा बारगीर. कारण मोठे शिलेदार आपल्या घोड्यांवर दुसऱ्यांनाही बसवत. हे सांगितल्यावर भाच्याने पुस्तिका मिटली आणि पहिल्यांदा नीट माझ्याकडे पाहिलं.

आता आपल्या मुलखातली गोष्ट. १९०८ साली मुंबई-कोल्हापूर मार्गावर मोटारींची परीक्षा झाली. तिला 'ट्रायल' म्हणत. शर्यत नव्हे, कसोटी. ६२० मैलांचं अंतर, म्हणजे हजार किलोमीटरच्या आसपास, आणि वाटेत सहा घाट. बोरघाट, कात्रज, खंबाटकी ही नावं आपल्याला एसटीच्या खिडकीतून ठाऊक आहेत. तेव्हा रस्ता डांबरी नव्हता, वाटेत पेट्रोल पंप नव्हते आणि घाट चढताना इंजिन तापून बंद पडणं ही रोजचीच बाब होती. अशा रस्त्यावर रोल्स रॉइसची 'पर्ल ऑफ द ईस्ट' म्हणजे 'पूर्वेचा मोती' नावाची गाडी धावली आणि जिंकली. तिचं कौतुक वेगासाठी झालं नाही. सबंध प्रवासात ती एकदाही 'नाइलाजाने' थांबली नाही, यासाठी झालं. हाकणाऱ्याने आपणहून थांबवली तर हरकत नाही, पण गाडीने आपल्या मनाने थांबायचं नाही, असं त्या कसोटीचं तत्त्व. पुढे ही गाडी ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी विकत घेतली. मोटारींच्या इतिहासात ज्या गाडीचं नाव अजून निघतं, तिने आपलं नाव कमावलं ते कोल्हापूरच्या वाटेवर.

त्याच वर्षी, १९०८ साली, फ्रान्समध्ये दिएपच्या ग्रां प्रीत रस्त्याच्या कडेला चर खणून त्यात संघांची माणसं, टायर आणि इंधन ठेवलं होतं. 'पिट' हा शब्द तिथून रुळला. पिट म्हणजे खड्डा. आज तिथे फरशी पुसून लख्ख केलेली असते, तरी नाव खड्डाच. आमच्या वसई-विरारच्या रस्त्यांवर हा शब्द समजावायला मला अजिबात कष्ट पडले नाहीत.

'शिकेन'ने मात्र आम्हाला अडवलं. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ कोर्टातली खुसपटं, वकिली काथ्याकूट. सरळ चाललेल्या खटल्यात विनाकारण डावी-उजवी वळणं आणायची. मैदानावर सरळ रस्त्यात मुद्दाम घातलेली नागमोड म्हणजे शिकेन, वेग मोडायला. ज्याची जमीन कोर्टात अडकली आहे, त्याला हा शब्द एका दमात कळेल. पार्क फर्मे म्हणजे बंद आवार. तिथे उभ्या केलेल्या गाडीला परवानगीशिवाय हात लावायचा नाही. 'अंडरकट' म्हणजे पुढच्याच्या आधी टायर बदलून घ्यायचे, नव्या टायरवर दोन-तीन फेऱ्या जोरात मारायच्या आणि तो आपले बदलून बाहेर येईपर्यंत पुढे निघून जायचं.

राहिला 'फॉर्म्युला'. शाळेत फॉर्म्युला म्हणजे सूत्र. इथे सूत्र म्हणजे अटी: इंजिन केवढं, वजन किती, चाकं कशी. दुसऱ्या महायुद्धानंतर या अटींची जी पहिली प्रत ठरली ती फॉर्म्युला वन. तिची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १३ मे १९५० रोजी इंग्लंडात सिल्व्हरस्टोनला सुरू झाली. हे वाचताना माझा हात थबकला. आपला 'शर्यत' हा शब्द अरबी 'शर्त'वरून आलेला. शर्त म्हणजे अट. पैज लावताना आधी अट घालतात, म्हणून पैज म्हणजे शर्यत आणि मग धावणं म्हणजेही शर्यत. शर्थीचे प्रयत्न करतो, त्यातली 'शर्थ'ही याच घरची. म्हणजे लंडन-पॅरिसवाल्यांनी ज्याला फॉर्म्युला म्हटलं, त्याला आपण शेकडो वर्षांपूर्वीच नाव देऊन बसलो होतो. माझ्या घरात उर्दू-अरबी शब्दांचा राबता आहे, तरी मला हे वयाच्या पन्नाशीनंतर दिसलं.

आणि मराठीत शर्यतीची बोली नाही, असं कोण म्हणतो? खेड, जुन्नरकडे बैलगाडा ज्या चढाच्या वाटेवर पळतो, तिला 'घाट' म्हणतात. गाडे एकेक सुटतात. त्या एका पळण्याला 'बारी' म्हणतात. सामना घड्याळाशी. सगळ्यांत कमी वेळ लावणारा 'घाटाचा राजा'. पोल पोझिशनसाठी जी फेरी मारतात, ती याहून वेगळी काय असते? सातारा-सांगलीकडे गाड्या एकत्र सुटतात, प्रत्येकीची चाकोरी वेगळी. तिथे बैलाच्या दातांवरून वर्ग: आदत, दुसा, चौसा. फॉर्म्युला वनच्या खाली टू आणि थ्री असतात, तशीच ही उतरंड. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या शर्यती थांबल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी त्यांना पुन्हा परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने कायदा उचलून धरला. बैलांच्या हालाचा प्रश्न खोटा नव्हता, असं मी आजही म्हणेन. पण त्या साडेसात वर्षांत वाढलेल्या मुलांना 'बारी' म्हणजे काय हे विचारायला आजोबा गाठावे लागले, हेही तितकंच खरं.

मला ते कळतं, कारण माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, नालासोपारा स्टेशनवर टांगा चालवत. निर्मळ, वटारच्या केळीच्या वाड्यांतून त्यांचा घोडा जायचा. रिक्षा आल्या, टांगा गेला आणि त्याच्याबरोबर झापडं, नालबंद, खरारा हे शब्दही आमच्या घरातून उठून गेले.

सर्वांत शेवटी आम्ही 'मार्शल'कडे वळलो. मला वाटलं होतं, हा पलटणीतला शब्द असेल. जुन्या जर्मन बोलीत त्याचा अर्थ निघाला घोड्याचा चाकर, आपला मोतद्दार. पुढे तो दरबारात चढला, सेनापती झाला. पण फ्रेंच भाषेत नालबंदाला अजूनही 'मारेशाल-फेरां' म्हणतात. भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे पणजोबा मार्शल होते?"

गेल्या महिन्यात तो पुन्हा शर्यत बघायला आला. आईही खुर्ची ओढून बसली. तिची ऐंशी उलटली आहे, डोळ्यांनी कमी दिसतं. गाडी पिटमध्ये शिरली, वीसेक माणसं तुटून पडली, चारही चाकं बदलली. भाचा तिला सांगत होता की, २०२३ साली कतारला मॅकलॅरेनच्या संघाने हे काम १.८० सेकंदांत केलं, तो विक्रम आहे. आईने विचारलं, "काय केलं त्यांनी?" तो 'टायर' म्हणणार, तेवढ्यात थांबला.

"नाल बदलले, नानी."

"चारही?" आई म्हणाली. "मग घोडा उभा कसा राहिला?"

भाच्याला गाडी उचलणारा जॅक समजावून सांगावा लागला. त्यात दोन फेऱ्या निघून गेल्या.