सॉक्रेटिसवरची फिर्याद

जुना खटला हाती आला की फौजदारी वकील आधी फिर्याद वाचतो. आरोपी कोण, किती थोर, हे नंतर. सॉक्रेटिसच्या बाबतीत उलटे होते. विषाचा पेला सगळ्यांना ठाऊक असतो, फिर्याद फारसे कुणी वाचत नाही. जन्म जिल्हा कोर्टात गेल्यामुळे मला मात्र ती फिर्यादच अस्वस्थ करते.

इ.स.पू. 399. अथेन्सची दैवते हा मानत नाही, नवी दैवते आणतो, तरुणांना बिघडवतो. शिक्षा मृत्यूची व्हावी. मजकूर एवढाच. फिर्यादी मेलीटस, त्याच्या पाठीशी अ‍ॅनिटस आणि लायकॉन. अथेन्समध्ये सरकारी वकील नव्हता, कुणाही नागरिकाला उठून फिर्याद करता येई. धर्माच्या बाबी पाहणाऱ्या अधिकाऱ्याची कचेरी बाजारचौकाच्या कडेला होती. 1970 साली रेल्वेमार्गालगतच्या उत्खननात ती सापडली. लांबी जेमतेम 18 मीटर, आणि पुढ्यात अधिकारी ज्यावर उभे राहून शपथ घेत तो चुनखडीचा मोठा दगड. प्लेटोचा ‘युथिफ्रो’ संवाद याच जागी घडतो. तिथे सत्तर वर्षांचा सॉक्रेटिस आपल्या फिर्यादीचे वर्णन करतो: तरुण आहे, केस लांब आणि सरळ, दाढी विरळ, नाक बाकदार. तो त्याला नीट ओळखतही नाही.

मग या अनोळखी पोराला म्हाताऱ्याच्या दैवतांशी काय देणेघेणे? त्यासाठी पाच वर्षे मागे जावे लागते. 404 मध्ये स्पार्टाने अथेन्सला हरवले आणि तीस जणांची हुकूमशाही बसवली. काही महिन्यांत सुमारे 1500 माणसे मारली गेली. या तिसांचा म्होरक्या क्रिटियस एकेकाळी सॉक्रेटिसच्या बैठकीतला. सॉक्रेटिसने स्वतः मात्र लिऑन नावाच्या निरपराध माणसाला पकडून आणण्याचा त्यांचा हुकूम मोडला आणि तो सरळ घरी गेला. 403 मध्ये लोकशाही परतली. ती परत आणणाऱ्या पुढाऱ्यांत अ‍ॅनिटस होता. त्या वेळी सगळ्यांनी शपथ घेतली की मागचे उकरून काढायचे नाही. सूडाने पेटलेल्या शहराने असे ठरवावे, ही मला अथेन्सची फार मोठी कमाई वाटते. पण त्यामुळे क्रिटियसचा गुरू म्हणून सॉक्रेटिसला कोर्टात खेचण्याची वाट बंद झाली. देवाधर्माची वाट उघडी राहिली. कायद्यात अधर्माचा गुन्हा होता. कोणते कृत्य म्हणजे अधर्म, हे सांगणारी व्याख्या बहुधा नव्हती.

खटल्यापुढे सुमारे 500 पंच बसले. तिशी ओलांडलेले, चिठ्ठ्या टाकून निवडलेले साधे नागरिक, दिवसाचा भत्ता तीन ओबोल. कायदा समजावून सांगणारा न्यायाधीश नाही. वेळ पाण्याच्या घड्यावर मोजायची. उत्खननात सापडलेला असा एक मातीचा घडा सहा मिनिटांत रिकामा होतो. खटला एका दिवसात संपलाच पाहिजे. पंचांनी आपसात चर्चा करायची नाही, थेट मत टाकायचे. त्यावर अपील नाही.

तरीही आरोपीला एक हक्क होता: त्याने प्रश्न विचारला तर फिर्यादीने उत्तर दिलेच पाहिजे. प्लेटोने नोंदवलेली ती उलटतपासणी मी ज्युनिअर वकिलांना आवर्जून वाचायला देतो. सॉक्रेटिस विचारतो, तुझे म्हणणे नेमके काय? मी दुसरी दैवते मानतो, की दैवतेच मानत नाही? मेलीटस म्हणतो, मुळीच मानत नाहीस. झाले! नवी दैवते आणल्याचा आरोप फिर्यादीने स्वतःच्या तोंडाने पाडला. न्यायाधीश असता तर निदान तेवढे कलम तिथेच गळले असते. इथे ते तसेच ठेवून मतदान झाले. तीस मते फिरली असती तर सुटका होती, असे तो नंतर म्हणतो. शिक्षा सुचवायची वेळ आली तेव्हा त्याने आधी नगरभवनात सरकारी खर्चाने जेवण मागितले, मग मित्रांच्या हमीवर 30 मिना दंड देऊ केला. पंचांनी मृत्यू निवडला.

हे घडले ते शहर मुक्या माणसांचे नव्हते. सभेत कुणाही नागरिकाला उठून बोलता येई. नाटकांत पुढाऱ्यांची नावे घेऊन टर उडवली जाई. 423 मध्ये अ‍ॅरिस्टोफेनिसने खुद्द सॉक्रेटिसलाच ‘मेघ’ नाटकात रंगवला. सॉक्रेटिस तर अनेक वर्षे बाजारात लोकांना अडवून प्रश्न विचारत होता. ही मोकळीक खरी होती, पण तिला आधार फक्त सवयीचा होता. बहुमताने एखाद्या दिवशी ती काढून घ्यायची ठरवली, तर त्याचा हात धरील असे एकही कलम नव्हते. श्रद्धेवरून होणाऱ्या फिर्यादींत बचाव करताना मी नेहमी हेच मागत आलो: नेमके वाक्य दाखवा, ते कुणापुढे उच्चारले ते सांगा. मेलीटसला हे कुणी विचारलेच नाही.

चोपन्न वर्षांनी, 345 मध्ये, अथेन्सच्याच कोर्टात एस्किनीज नावाचा वक्ता टिमार्कस नावाच्या आरोपीला दोषी ठरवा म्हणून पंचांना सांगत होता. दाखल्यासाठी त्याने सॉक्रेटिसचे नाव घेतले: तुम्ही त्याला मारलेत, कारण त्याने क्रिटियसला शिकवले होते. दैवतांचा त्याने उल्लेखही केला नाही, आणि टिमार्कस दोषी ठरला.