धडधड छातीत, कारण गळ्यात : थायरॉईड आणि हृदयाच्या ठोक्यांचा इतिहास

छातीत धडधड होते, मध्येच ठोका चुकल्यासारखा वाटतो, म्हणून आपण डॉक्टरांकडे जातो. ईसीजीबरोबर ते थायरॉईडची रक्ततपासणीही लिहून देतात. "त्रास हृदयाचा आहे, मग थायरॉईड कशाला?" असा प्रश्न अनेकांना पडतो. त्याचं उत्तर इतिहासात आहे.

१७८६ मध्ये इंग्लंडमधील बाथ शहरात डॉ. कॅलेब पॅरी यांनी ३७ वर्षांच्या एका स्त्रीला तपासलं. तिची नाडी मिनिटाला १५६ होती आणि मध्येमध्ये ठोका चुकत होता. गळ्यातली थायरॉईड ग्रंथीही सुजलेली होती. पॅरींनी या दोन गोष्टी जोडल्या. त्यांचं हे लेखन मात्र त्यांच्या मृत्यूनंतर, १८२५ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे १८३५ मध्ये डब्लिनचे डॉ. रॉबर्ट ग्रेव्हज यांनी जोराची धडधड आणि गळ्याला सूज असलेल्या तीन स्त्रियांचं वर्णन केलं. 'ग्रेव्हज डिसीज' हे नाव त्यांच्यावरूनच पडलं.

मूळ दोष हृदयात की ग्रंथीत, हे तेव्हा स्पष्ट नव्हतं. १८८६ मध्ये जर्मनीचे डॉ. मोबियस यांनी थायरॉईड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करते, हेच मूळ कारण असल्याचं मांडलं. हा जादा हार्मोन हृदयाचा वेग वाढवतो. कधी हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात. यालाच एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. अशा वेळी आत रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत गेली, तर पक्षाघात होऊ शकतो.

१९४१ मध्ये बोस्टनला डॉ. सॉल हर्ट्झ यांनी किरणोत्सारी आयोडीनने या आजारावर प्रथम उपचार केले. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राने १९६३ मध्ये परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू केलं. त्यामुळे ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या रुग्णांसाठी हा उपचार लोकलच्या अंतरावर आला.

अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम येथे साठीपुढच्या २००७ व्यक्तींवर १० वर्षं लक्ष ठेवण्यात आलं. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षानुसार, टीएसएच खूप कमी असलेल्यांमध्ये एट्रियल फिब्रिलेशनचा धोका सुमारे तिप्पट होता. टीएसएच कमी होणं हे बहुधा शरीरात थायरॉईड हार्मोन जास्त असल्याचं लक्षण असतं. थायरॉईडच्या गोळीचा डोस गरजेपेक्षा जास्त झाला, तरी असं होऊ शकतं.

म्हणून लक्षात ठेवा :

• धडधड, वजन घटणं, हात थरथरणं, खूप घाम येणं ही लक्षणं एकत्र दिसली तर टीएसएच तपासून घ्या. वयस्कर व्यक्तींमध्ये कधीकधी फक्त अनियमित ठोके एवढंच लक्षण असतं.
• थायरॉईडची गोळी चालू असेल तर डॉक्टर सांगतील त्या वेळी तपासणी करा. गोळी मनाने बंद करू नका, वाढवूही नका.
• धडधडीबरोबर छातीत दुखलं, चक्कर आली, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर तातडीने रुग्णालय गाठा.

थायरॉईड आटोक्यात आलं की अनेकांचे ठोकेही पुन्हा नियमित होतात. मात्र त्यासाठी कारण वेळेत सापडायला हवं.