कव्हरवरची लक्ष्मी आणि पुसलेले गांधीजी

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, बखरी, दफ्तरे एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. तबकडीचे कव्हर हेही इतिहासाचे साधन असू शकते, असे मी वर्गात म्हणतो तेव्हा मुले हसतात. मग मी त्यांना एक कव्हर दाखवतो.

इंग्लंडच्या ‘बीटल्स’ या चौघांची ‘सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड’ ही ध्वनिमुद्रिका १९६७ साली निघाली. तिच्या कव्हरची कल्पना पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ या चित्रकार पतिपत्नीने साकारली. चौघांच्या आवडत्या माणसांची यादी करायची, त्यांची पुरुषभर उंचीची पुठ्ठ्याची चित्रे उभी करायची आणि त्या गर्दीपुढे चौघांनी भडक रंगांचे बँडवाल्यांचे पोशाख घालून उभे राहायचे. हॉवर्थबाईंनी छायाचित्रे हाताने रंगवली. शेजारी मादाम तुसाँच्या संग्रहातले चौघांचे मेणाचे पुतळेही मांडले. ३० मार्च १९६७ रोजी लंडनच्या चेल्सी भागात मायकेल कूपर यांनी छायाचित्र टिपले. एरवी ज्या कामाला पन्नासेक पौंड पुरत, त्यावर जवळपास तीन हजार पौंड खर्च झाले. ब्लेक यांच्या पदरात पडले दोनशे. पुढे या कव्हराला ग्रॅमी पुरस्कार मिळाला तो दोघांच्या नावे. पण बोलताना लोक नाव घेतात ते बहुधा एकट्या ब्लेक यांचे.

गर्दीत आपली माणसेही आहेत. जॉर्ज हॅरिसनच्या आग्रहाने श्रीयुक्तेश्वर, लाहिरी महाशय, महावतार बाबाजी आणि परमहंस योगानंद तेथे आले. पुढे फुलांच्या ताटव्याशी चार हातांची एक छोटी मूर्ती दिसते. ती आपली लक्ष्मी.

त्या गर्दीत आणखी एक भारतीय होते, महात्मा गांधी. त्याच दिवशी काढलेल्या इतर छायाचित्रांत ते दिसतात. छापलेल्या कव्हरवर नाहीत. ई.एम.आय. कंपनीचे प्रमुख सर जोसेफ लॉकवुड यांनी त्यांना काढायला लावले. या मेळ्यात गांधीजी दिसले तर भारतातले लोक दुखावतील आणि तिथला धंदा बुडेल, ही त्यांची भीती. हा धंदा कोणता? नाट्यगीतांच्या आणि भावगीतांच्या ज्या तबकड्यांवर कुत्रा बसलेला असे, त्या काढणारी ग्रामोफोन कंपनी तेव्हा ई.एम.आय.चीच होती, आणि तिचा कारखाना कलकत्त्याजवळ डमडमला होता. म्हणजे आपल्या घरातल्या फोनोचा आणि त्या पुसलेल्या चेहऱ्याचा थेट संबंध आहे.

जिवंत माणसांची परवानगी पत्रे पाठवून मागितली गेली. मे वेस्ट या नटीने आधी नकार दिला; बीटल्सनी स्वतः पत्र लिहिल्यावर ती राजी झाली. लिओ गॉर्सी या नटाने चारशे डॉलर मागितले, म्हणून त्यालाही पुसले. लक्ष्मीला कोणी विचारले नाही. गांधीजींच्या बाबतीत लोक दुखावतील याची धास्ती, आणि देवी मात्र शोभेची वस्तू म्हणून खुशाल पुढे! परक्या बाजारपेठेला आपले काय नाजूक वाटते आणि काय नुसते सुंदर वाटते, याचा हा छापील पुरावा आहे. गंमत अशी की लॉकवुड यांचा हेतू आपला मान राखण्याचा होता. पण त्यासाठी पुसला गेला तो आपलाच माणूस.

दोन भाषांच्या मुलखात राहणाऱ्या, गावच्या पाट्यांवरची अक्षरे वेळोवेळी बदलताना पाहिलेल्या आपल्यासारख्यांना हे नवे नाही. म्हणून मुलांना मी एवढेच सांगतो: चित्रात कोण आहे हे ओळखून झाले की, कोण नाही आणि ते कोणाच्या सांगण्यावरून नाही, हेही विचारा.