परधर्मीयांच्या दारी

नाशिक येथे गोदातीरी रामकुंडाजवळ नारोशंकराचे जे देवालय आहे, त्यावरील थोरली घंटा आपल्या ज्ञातिबांधवांपैकी बहुतेकांनी पाहिली असेल. गोदावरीच्या पुराचे पाणी त्या घंटेपर्यंत चढले म्हणजे तो महापूर, असा नाशिककरांचा पिढ्यान् पिढ्यांचा हिशेब आहे. पेशव्यांचे सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी हे देवालय १७४७ साली बांधिले. घंटा मात्र त्याहून जुनी. तीवर १७२१ हा सन आहे, आणि ती ओतली गेली ती महादेवासाठी नव्हे, ख्रिस्ती प्रार्थनामंदिरासाठी. वाईजवळ मेणवली येथे नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर अशीच एक घंटा आहे. तिच्यावर १७०७ हा सन असून बाळ येशूस घेतलेली मेरीची आकृती आहे. भीमाशंकरी ज्योतिर्लिंगाच्या दर्शनास जाणारा यात्रेकरूही फिरंगी घंटाच पाहून परततो.

या घंटांची आठवण होण्यास कारण घडले ते आपल्या कार्यकारी मंडळाच्या सभेत. कौटुंबिक सहलीच्या स्थळांत बांद्र्याचे माउंट मेरी आणि पुण्याचे लाल देऊळ ही दोन नावे होती. एका सभासदाने ती वगळावी अशी सूचना मांडिली, दुसऱ्याने तिला विरोध केला आणि चहा येईपर्यंत शब्दास शब्द वाढत गेला. दोन्हीही पक्ष "आपल्या पूर्वजांनी असे कधी केले नाही" आणि "आपले पूर्वज असेच करीत आले" असे इतिहासाचेच दाखले देत होते. निर्णय पुढील सभेवर ढकलण्यात आला, आणि 'मास्तर, तुम्ही स्मरणिकेत काही लिहा' असे संपादकांनी मला सांगितले. निर्णय देण्याचा अधिकार मजकडे नाही. पूर्वजांनी काय केले, एवढे मात्र सांगता येईल.

प्रथम त्या घंटा कोठून आल्या ते पाहू. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला. विजयासाठी त्यांनी वज्रेश्वरी देवीस केलेला नवस पुढे देवालय बांधून फेडण्यात आला. किल्ल्यातील व आसपासच्या प्रार्थनामंदिरांतील घंटा उतरवून मराठी सरदारांनी त्या हत्तीघोड्यांप्रमाणे लूट म्हणून नेल्या आणि आपापल्या देवांस अर्पण केल्या. यात धर्मसमन्वय होता, असे म्हणणे मला पटत नाही. ती विजयचिन्हे होती, आणि त्यामागे जुना राग होता. पोर्तुगीजांनी गोव्यात सोळाव्या शतकात देवळे पाडिली. मंगेशी व शांतादुर्गा या देवता भक्तांनी नदीपलीकडे अंत्रुज महालात नेल्या व त्या आजही तेथेच आहेत. १५६० साली तेथे धर्मन्यायासन बसले, त्याच्या कथा कोकणात घरोघरी सांगितल्या जात. असे असूनही वसईच्या तहात, मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस उपासनेसाठी तीन मंदिरे मोकळी असावीत, ही पराभूतांची मागणी चिमाजी आप्पांनी मान्य केली. घंटा नेली, परंतु प्रार्थना बंद केली नाही. आमच्या पाठ्यपुस्तकांत वसईच्या वेढ्यातील सुरुंगांचे वर्णन सविस्तर येत असे. या कलमाचा उल्लेख मी शिकविलेल्या एकाही पुस्तकात आढळला नाही.

याच युद्धाच्या धामधुमीत बांद्र्याच्या टेकडीवरील मेरीचे मंदिर उद्ध्वस्त झाले. ते १७६० च्या सुमारास पुन्हा उभे राहिले. सध्याची इमारत १९०४ सालची आहे. मूर्ती एका कोळ्याच्या जाळ्यात समुद्रात सापडली, तत्पूर्वी त्यास स्वप्नात दृष्टांत झाला होता, असे सांगतात. अरब चाच्यांनी सोन्याच्या लोभाने मूर्तीचा हात तोडला तेव्हा मधमाश्यांनी त्यांस पिटाळून लाविले, अशीही आख्यायिका आहे. हा स्वप्नदृष्टांत आणि हे मोहोळ आपल्या वाचकांस नवे वाटणार नाही. गावोगावच्या देवींच्या कथा अशाच असतात. कोळी लोक तिला 'मोत माउली' म्हणतात. ८ सप्टेंबरच्या सणानंतरच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा भरते. तीत हिंदू, पारशी, मुसलमान सर्वच असतात. पायथ्यापासून मेणाचे हात, पाय, डोळे, घरे, बाळे मांडून विक्रेते बसलेले असतात. ज्याचे जे दुखणे अथवा मागणे, त्याचा तो आकार.

माहीम आणि बांद्रा यांमध्ये त्या काळी खाडी होती व जाणे-येणे होड्यांतून होई. तीत अपघात होत. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनी खर्चाचा भार उचलला तेव्हा १८४५ च्या सुमारास माहीमचा बांध तयार झाला. त्यास १,५७,००० रुपये लागले, आणि सरकारने या वाटेवर जकात घेऊ नये अशी त्या बाईंची अट होती. मूल व्हावे म्हणून त्यांनी मेरीस नवस केला होता व तो असा फेडला, असे लोक सांगतात. नवसाची गोष्ट खरी असो वा नसो, एका पारशी स्त्रीच्या पैशाने बांधलेल्या त्या वाटेने लाखो हिंदू ख्रिस्ती देवीच्या जत्रेस गेले, हे निश्चित.

त्यांपैकी एक माझी आई. १९६७ साली माझ्या धाकट्या भावास ताप आला आणि त्याचा उजवा पाय लुळा पडला. वैद्य झाले, डॉक्टर झाले, कुलदेवतेचा अभिषेक झाला. शेजारच्या ख्रिस्ती काकींच्या सांगण्यावरून आईने मोत माउलीस नवस बोलला. ही वार्ता ज्ञातीत पसरली तेव्हा एक वडीलधारे गृहस्थ घरी येऊन म्हणाले, "वहिनी, आपले देव काय थोडे पडले?" आई पदर सावरून म्हणाली, "भावोजी, देव थोडे नाहीत. मूल मात्र एवढेच आहे माझे, त्याच्यासाठी दारोदार हिंडेन." पुढील वर्षी हळदीकुंकवास आमच्या घरी बायका नेहमीपेक्षा कमी आल्या. आईने त्याविषयी कधी अवाक्षर काढले नाही.

भूतकाळाकडे आणखी मागे वळले तर थोरांची उदाहरणे कमी नाहीत. मालोजीराजे भोसले यांस अहमदनगरच्या शाह शरीफ यांच्या दर्ग्यातील नवसाने पुत्र झाले व म्हणून त्यांची नावे शहाजी व शरीफजी ठेविली, असे बखरी सांगतात. या शरीफजींना १६२४ साली भातवडीच्या लढाईत वीरमरण आले. श्रीगोंद्याचे शेख महंमद हे 'योगसंग्राम' लिहिणारे मुसलमान संत. त्यांच्या समाधीस वारकरी माथा टेकतात. महादजी शिंदे बीडच्या मन्सूरशहांस गुरू मानीत. मुंबईत माहीमच्या मखदूम अली यांच्या उरुसात पहिला मान शहराच्या पोलिसांचा असतो. १७०७ साली मोगलांच्या कैदेतून सुटलेले शाहूमहाराज खुलताबादेस औरंगजेबाच्या कबरीपाशी गेले, असे इतिहासकार नमूद करितात. पित्याचा वध करविणाऱ्याच्या कबरीशी ते का गेले, याविषयी हल्ली पुष्कळ तावातावाने बोलले जाते. बालपणापासून सतरा वर्षे ज्या छावणीत गेली, तिचा निरोप मनुष्य कसा घेतो हे आपण घरी बसून ठरवू नये, एवढेच मला वाटते.

आता एक अप्रिय गोष्ट. परधर्मीयांच्या दारी जावे की नाही, याचा काथ्याकूट आपण करितो; परंतु आपल्याच धर्मबांधवांस आपण दाराबाहेर ठेविले होते. नारोशंकराच्या घंटेपासून काळारामाचे मंदिर चालत काही मिनिटांवर आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तेथे सत्याग्रह सुरू झाला आणि दरवाजे लावून घेण्यात आले. ख्रिस्ती मंदिरातील घंटेस पंचवटीच्या परिसरात मान होता, रामाचे नाव घेणाऱ्या माणसास नव्हता. पंढरपूरचा विठ्ठल सर्वांस खुला व्हावा म्हणून साने गुरुजींस १९४७ च्या मे महिन्यात प्राण पणास लावावे लागले, आणि सर्व वर्गांच्या हिंदूंस देवळांत प्रवेश देणारा मुंबई राज्याचा कायदा १९५६ साली झाला. ज्यांस देऊळ बंद होते, त्यांपैकी कित्येकांस दर्ग्याचा उंबरा मोकळा होता. आपल्या ज्ञातीची नावे त्या काळी दरवाजाच्या कोणत्या बाजूस होती, हे वडीलधाऱ्यांनी नातवंडांस सांगावे.

प्रत्येक दार सर्वांस उघडे असतेच असे नाही, व त्याचा रागही धरू नये. पारशांच्या अग्यारीत परधर्मीयांस प्रवेश नाही. बाहेरूनच नमस्कार करावा. जेथे प्रवेश आहे तेथे घरधन्याचा रिवाज पाळावा. पुण्याचे लाल देऊळ हे ज्यू लोकांचे सभास्थान. दानशूर डेव्हिड ससून यांनी ते बांधविले. ते १८६७ साली पूर्ण झाले, परंतु तत्पूर्वीच १८६४ साली ते वारले व त्याच आवारात त्यांची समाधी आहे. तेथे पुरुषाने मस्तक झाकावे लागते, तसे ते गुरुद्वारात व दर्ग्यातही झाकावे. ख्रिस्ती मंदिरात मात्र टोपी काढावी. मूर्ती नसलेल्या जागी हात कोठे जोडावेत असा संकोच वाटल्यास स्वस्थ उभे राहावे. तेवढे पुरते. कोकणातले बेने इस्राएल तर आपल्याप्रमाणेच मराठी बोलणारे. दिवेकर, पेणकर अशी गावांवरून आडनावे लावणारे. मुंबईतील त्यांचे पहिले सभास्थान १७९६ साली दिवेकर आडनावाच्याच गृहस्थाने बांधिले.

आईचा नवस १९६८ च्या सप्टेंबरात फेडला गेला. मी बरोबर होतो. काकींनी वाटेत दुकानातून मेणाचा पाय घेऊन दिला. तो आईने पदराखाली धरिला, कारण उन्हाने मऊ होईल अशी तिला भीती होती. ओटीचे सामानही तिने आणिले होते. ते आत चालेल किंवा नाही हे न कळून, वरच्या पायरीच्या कडेस तिने हळदकुंकू वाहिले आणि नंतर आत जाऊन काकींप्रमाणे गुडघे टेकले. भावाचा पाय पुरता सुधारला नाही. आजही तो किंचित लंगडतो. "मग नवस कसला फळला?" असे मी मोठेपणी एकदा आईस विचारिले. ती म्हणाली, "चालू दे एवढेच मागितले होते रे. नीट चालू दे असे म्हणायचे सुचले नाही."

सहलीची नावनोंदणी कार्यालयात सुरू झालेली आहे. स्थळांचा निर्णय पुढील सभेत होईल. भावाने आपले व वहिनींचे नाव नोंदविले असून, बांद्र्याची टेकडी वगळली गेल्यास आपण त्या दिवशी रेल्वेने स्वतंत्रपणे जाऊन येऊ, असे त्याने चिटणिसांस कळविले आहे.