खाणावळ, इराणी, हॉटेल : मुंबईतील काही नावांचा इतिहास

मराठीत ‘हॉटेल’ म्हणजे पैसे देऊन खाण्याची जागा. मुक्कामाचा अर्थ आपण बहुधा ‘लॉज’कडे सोपविला आहे. हा अर्थबदल निव्वळ अज्ञानातून झाला, असे सामान्यतः समजले जाते. मुंबईचा इतिहास पाहता हे मत मला ग्राह्य वाटत नाही.

प्रथम ‘खाणावळ’ हा शब्द घेऊ. घडणावळ, धुणावळ, दळणावळ ह्या शब्दांत मोबदल्याचा भाव आहे, तसा तो खाणावळीतही आहे. ‘जेवणावळ’ मात्र निमंत्रितांची. परंतु पैसे घेतले म्हणून पंगतीचे नियम सुटले नाहीत. गिरणगावात बायाबापड्यांनी चालविलेल्या खाणावळींत गिरणीकामगार महिन्याच्या बोलीवर जेवत, आणि ते बहुधा एकाच मुलखातले वा जातीचे असत. ‘ब्राह्मणी खाणावळ’ ह्या पाटीत तर ही अट उघडच लिहिलेली असे.

ह्या पार्श्वभूमीवर परमहंस सभेचे स्मरण करणे उचित होईल. १८४९ साली मुंबईत निघालेल्या ह्या गुप्त मंडळीत प्रवेश घेणाऱ्यास ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. १८६०च्या सुमारास सभासदांची नावे फुटली आणि सभा मोडली. एका पावाच्या तुकड्याची ही किंमत होती! पुढे इराणातून आलेल्या जरथुष्ट्रींनी नाक्यानाक्यांवर चहाची दुकाने थाटली. धोबीतलावचे ‘कयानी’ १९०४ सालचे आहे. तेथे तोच पाव, मस्का लावून, कोणतीही शपथ न घेता, परक्या माणसाशेजारी बसून खाता येऊ लागला. सभेला जे साधले नाही ते संगमरवरी टेबलाने बरेचसे साधले. ‘इराणी’ हे माणसाचे नाव दुकानाचे झाले, ते ह्याच व्यवहारातून.

‘उडुपी’चे तसे नाही. माटुंग्यास १९४२ साली ए. रामा नायक यांनी काढलेल्या भोजनालयाच्या नावात ‘उडिपी’ आणि ‘श्रीकृष्ण’ दोन्ही आहेत. गावाच्या नावाआडून मठाच्या स्वयंपाकघराची ग्वाही ग्राहकाला मिळत होती. दादरच्या मामा काणे यांच्या ‘स्वच्छ उपाहारगृहा’तील विशेषण मला अधिक अर्थपूर्ण वाटते, येथे सोवळ्याची जागा आरोग्याने घेतली आहे. (पुष्कळ पाट्यांवर ‘उपहारगृह’ असे लिहितात. तेथे भेटवस्तू मिळत नाहीत, हे सांगणे नलगे.)

‘हॉटेल’ ह्या परक्या शब्दापाशी मात्र जातीची कोणतीच आठवण नव्हती. माझ्या मते त्याच्या प्रसाराचे एक कारण हेच. अर्थात त्यालाही ‘हिंदू हॉटेल’ असे विशेषण चिकटलेच. १९५० साली अमलात आलेल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांचा नावानिशी उल्लेख करून तेथील प्रवेशास जातीची आडकाठी असता कामा नये, असे ठरविले. १९५५च्या अस्पृश्यताविषयक कायद्याने ती आडकाठी दंडनीय केली. पाट्यांवरील जातिवाचक शब्द पुढे विरळ झाले. आज त्यांच्या जागी बहुधा ‘शुद्ध शाकाहारी’ असते. ‘स्वच्छ’ क्वचितच दिसते.